रॅम महागली, आता पीसीचं गणित उलटं मांडा

नवा गेमिंग पीसी बनवायचा म्हणून वर्षभर पैसे साठवलेल्या पोरांच्या तोंडी सध्या एकच प्रश्न आहे. ‘भाऊ, रॅम काहून एवढी महाग झाली?’ नंदनवनातल्या चहाच्या टपरीवर हाच विषय, रूमवरच्या गप्पांत हाच विषय. २०२५ च्या मध्यापर्यंत चार-साडेचार हजारांत मिळणारी १६ जीबीची डीडीआर५ स्टिक वर्ष संपता संपता दहा हजारांच्या पुढे गेली. एसएसडीही तिच्या मागोमाग चढली. बर्डीवरून कोटेशन आणायचं, घरी बाबांना दाखवायचं, त्यांनी ‘पाहू’ म्हणायचं आणि तेवढ्यात भाव बदललेला, असं चाललंय.

यावर तीन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, दुकानदार लुटून राहिले. दोन, डॉलर वाढला. तीन, जीएसटी तर कमी झाला होता ना, मग फायदा मधल्या मध्ये कोण खातंय? तिसऱ्याचा निकाल लगेच लावता येतो. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. रॅम आणि एसएसडीवर आधीपासूनच १८ टक्के होते, त्यामुळे तिथे कमी व्हायला काही नव्हतंच. डॉलर आणि दुकानदार यांचा थोडाफार वाटा असेलही. पण दोन-अडीचपट भाववाढ त्यांच्या हातची नाही. ती आली आहे एआयच्या डेटा सेंटर्सकडून.

चिप कुठे गेली?

जगातली बहुतेक रॅम चिप तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. दुकानात वेगवेगळ्या ब्रँडच्या, रंगीत लाइट लावलेल्या स्टिक दिसतात, पण आतली काळी चिप बहुतेक वेळा या तिघांपैकीच एकाची असते.

चॅटबॉट चालवणाऱ्या एआय सर्व्हरला एचबीएम नावाची मेमरी लागते. मेमरीचे थर एकावर एक रचून ती बनवतात. मायक्रॉननेच सांगितलेलं गणित असं, की तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर लागतात. म्हणजे कारखाना तोच, वेफर तेवढेच, पण एआयसाठी एक जीबी काढली की आपल्या वाट्याची तीन जीबी गेली. एचबीएममध्ये कंपनीला नफाही जास्त. मग ती कोणाची ऑर्डर आधी घेणार?

१ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने आपल्या ‘स्टारगेट’ प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार जाहीर केले. लक्ष्य होतं महिन्याला ९ लाख वेफरपर्यंत. हे जगाच्या एकूण डीरॅम उत्पादनाच्या जवळपास ४० टक्के भरेल, असे अंदाज तेव्हा आले. त्याच महिन्याच्या अखेरीस एसके हायनिक्सने २०२६ चा आपला माल आधीच बुक झाल्याचं सांगितलं. आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरवठा फेब्रुवारी २०२६ पर्यंतच. जुन्या लॅपटॉपमध्ये बिनधास्त टाकायची रॅम म्हणून हा ब्रँड आपल्याकडे पिढीभर चालला. आता तीच कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळली.

मग नवे कारखाने का उघडत नाहीत? उघडतायत, पण चिपचा कारखाना उभा राहून माल द्यायला लागेपर्यंत काही वर्षं जातात. शिवाय २०२३ मध्ये याच कंपन्यांनी मागणी नाही म्हणून तोटा सोसत उत्पादन कमी केलं होतं. हात पोळलेले असल्याने त्या घाई करत नाहीत. मेमरीचे भाव २०१७-१८ मध्येही असेच चढले होते आणि २०१९ मध्ये खाली आले. याही वेळी कधीतरी उतरतील. पण तुमचं पुढचं सेमिस्टर संपायच्या आत उतरतील, या भरवशावर राहू नका.

जुना नियम उलटला

पीसी बनवणाऱ्यांचा आजवर एक ठरलेला नियम होता. पैसा ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर घाला. रॅम आणि एसएसडी काय, सध्या कमी घ्या, पुढच्या वर्षी स्वस्तात वाढवता येईल. यूट्यूबवरचे बहुतेक जुने व्हिडिओ हेच सांगतात, आणि ते तेव्हा बरोबरच होतं. आज ‘नंतर वाढवू’ हाच सगळ्यात महाग पर्याय ठरू शकतो.

म्हणून बजेट मांडताना सुरुवात उलटीकडून करा. आधी रॅम आणि स्टोरेज नक्की करा, मग उरलेल्या पैशात कार्ड आणि प्रोसेसर बसवा. गेमिंगसाठी आज १६ जीबी रॅम हा किमान पाया. ३२ जीबी सध्या त्यांनीच घ्यावी ज्यांना खरंच लागते. मासकॉमच्या आम्हा पोरांना व्हिडिओ एडिटिंगला ती उपयोगी पडते, इंजिनीअरिंगवाल्यांना मोठ्या डिझाइन फाइलला पडते. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला पडत नाही. तो तर बऱ्याच जुन्या मशीनवरही चालतो.

दुसरी गोष्ट, घरी डीडीआर४ चा पीसी असेल तर तो विकायची घाई करू नका. डीडीआर५ वर जायचं म्हणजे बहुतेक वेळा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवं. त्यापेक्षा एएम४ च्या जुन्या बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येतो का, ते आधी बघा. आहे ती रॅम तशीच वापरता येते. आजच्या बाजारात जुनी रॅम ही घरातली ठेव आहे.

ग्राफिक्स कार्डही यातून सुटलेलं नाही. त्यावरची मेमरी याच तीन कंपन्यांची. त्यामुळे १६ जीबीच्या कार्डांवर ताण जास्त. फुल एचडी मॉनिटरवर खेळणार असाल तर ८ जीबीचं कार्ड अजून काही काळ काम भागवेल, फक्त काही नव्या गेममध्ये सेटिंग खाली आणावी लागेल.

स्टोरेज किती, कोणतं?

आता प्रश्न एसएसडी की हार्ड डिस्क. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवर. स्टारफिल्डही एसएसडीच मागतो. सायबरपंक २०७७ ने २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला. म्हणजे विंडोज आणि चालू गेमसाठी एसएसडीला पर्याय नाही. ५०० जीबी लवकर भरते, त्यामुळे जमत असेल तर १ टीबी घ्या. सिनेमे, फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, कधीतरी खेळायच्या जुन्या गेम यांच्यासाठी घरात पडलेली हार्ड डिस्क लावा. तिला भंगारात काढू नका.

वेगाच्या जाहिरातीला मात्र भुलू नका. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५०, जेन ३ ची एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास, जेन ४ ची ७,००० आणि जेन ५ ची १४,००० पर्यंत. कागदावर प्रत्येक पायरी किमान दुप्पट. पण गेम उघडताना खरा फरक जाणवतो तो हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर. त्यापुढे बहुतेक गेममध्ये सेकंद-दोन सेकंदांचा हिशेब उरतो. जेन ५ साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा त्याच पैशात जेन ४ ची मोठी ड्राइव्ह येते का ते विचारा. घेताना टीएलसी आहे की क्यूएलसी हेही विचारा. टीएलसी सहसा जास्त लिखाण सोसते, आणि ड्राइव्ह भरत आली की क्यूएलसी जास्त मंदावते.

जागा खाण्यात दोष नेहमी आपल्या ड्राइव्हचा नसतो, हेही डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. हेलडायव्हर्स २ ही गेम पीसीवर सुमारे १५४ जीबी घेत होती. हार्ड डिस्कवाल्यांना लवकर लोड व्हावी म्हणून त्यात एकच फाइल अनेकदा ठेवली होती. कंपनीने तपासलं तर वेळ मुख्यतः डिस्कमुळे जातच नव्हता. नकला काढल्या आणि गेम साधारण २३ जीबीवर आली. मेमरी महाग झाली की कंपन्यांनाही काटकसर सुचेल, अशी आशा करायला हरकत नाही.

नागपूरचा उन्हाळा विसरू नका

पुण्या-बंगळुरूच्या व्हिडिओंत न सांगितलेली गोष्ट म्हणजे आपला मे महिना. बाहेर ४५ अंश, रूमवर एसी नाही. वेगवान एनव्हीएमई ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग कमी करते. अशा खोलीत महागड्या जेन ५ चा वेग कागदावरच राहील. हीटसिंक असलेला स्लॉट वापरा आणि कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ती हवा दमट असते आणि सोबत धूळही आणते.

लाइट गेली तर? चालू लिखाणात वीज गेली की फाइल खराब होऊ शकते, म्हणून यूपीएस लागतोच. पण रूमवरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. गेम चालू असताना मोठ्या कार्डाचा पीसी त्याच्यावर टिकणार नाही. कार्ड निवडतानाच हा खर्च धरा.

हे बिल शेवटी कोणाचं?

भारतात चिप बनेल तेव्हा स्वस्त होईल, असंही ऐकू येतं. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. पण तो चिपची जोडणी आणि चाचणी करण्याचा प्रकल्प आहे. मुळात वेफर तयार होतात ते परदेशात. त्यामुळे आपला भाव अजून तरी कोरिया आणि अमेरिकेतच ठरतो.

आपण चॅटबॉटला फुकटात असाइनमेंट विचारतो. ते फुकट नाही. त्याचा एक हप्ता रॅमच्या दुकानात वसूल होतोय. आणि तो सगळ्यांना सारखा लागत नाही. लाख-दीड लाखाचा पीसी घेणाऱ्याला दहा हजार वाढले तर तो कुरकुरतो आणि घेतो. भंडारा-गोंदियाहून येऊन नंदनवनात रूम करून राहणाऱ्या, चाळीस हजारांत अभ्यास आणि गेम दोन्ही बसवणाऱ्या पोराचा पीसीच या दहा हजारांत अडकतो. त्याच्यासाठी हा शौकाचा मुद्दा नाही. त्याच मशीनवर त्याला कोडिंग शिकायचं आहे, प्रोजेक्ट सबमिट करायचं आहे.

म्हणून घाबरून दुप्पट माल घेऊ नका आणि उगाच वाट पाहत वर्षही घालवू नका. आजचं काम चालत असेल तर थांबा. अडत असेल तर जेवढं लागतं तेवढंच, पण एकदाच आणि नीट घ्या.

बर्डीला जाण्याआधी

- सेकंडहँड रॅम चालेल. ती वापरून झिजत नाही. दुकानातच मेमरी टेस्ट लावून घ्या.
- सेकंडहँड एसएसडी टाळा. ती लिहून लिहून झिजते. घ्यायचीच असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये हेल्थ आणि एकूण लिखाण पाहा.
- विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ऑफिसांतले जुने पीसी बाजारात आलेत. इंटेलचा ८ व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० आहे ना, ते तपासा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटलाही टीपीएम लागतं, आणि बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूट मागतो.
- तयार पीसी आणि लॅपटॉपचे भावही विचारा. जुन्या स्टॉकमधला माल कधी सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो.
- जीटीए ६ साठी म्हणून आज पीसी घेऊ नका. १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर तारीख कन्सोलची आहे. पीसीची तारीख आलेलीच नाही.
- पक्कं बिल घ्या. वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनी, हे बिलावर लिहून घ्या.