वास्तववादाचे ऋण

चित्रपटकलेचा विद्यार्थी पहिला लघुपट करावयास निघतो, तेव्हा त्याची पावले पुष्कळदा झोपडपट्टीकडे वळतात. डे सिका, सत्यजित राय, केन लोच यांचे चित्रपट त्याच्या डोळ्यांपुढे असतात. प्रेरणा उत्तमच, परंतु या दिग्दर्शकांकडून घ्यावयाचे ते नेमके काय, याचा विचार क्वचितच होतो.

राय यांनी १९५० मध्ये लंडनमध्ये डे सिकांचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला. नामवंत नटांवाचून, स्टुडिओबाहेर, खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रपट उभा राहू शकतो, हा विश्वास त्यांना त्यातून मिळाला. मात्र रोममधील सायकलीची कथा त्यांनी कलकत्त्यात आणली नाही. ते शहराजवळच्या बोराल गावी गेले. पैसा संपला, काम थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने ते पुरे झाले आणि १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. त्यात दारिद्र्य आहेच. पण प्रेक्षकाच्या मनात राहतात ती आगगाडी पाहण्यासाठी धावणारी दोन भावंडे. अनुकरण आणि प्रेरणा यांतील अंतर ते हेच.

महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वाढलेल्या नागराज मंजुळे यांनी नगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शिक्षणाची ओढ असलेल्या पारधी मुलाच्या या कथेला २०१० या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय शोधण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ‘बायसिकल थीव्हज’चा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा खरोखरीचा कारखाना कामगार होता. चित्रपट जगभर गाजला. तो मात्र पुढे कारखान्यातील नोकरीला मुकला. पडद्यावरील करुणा पडद्याबाहेर त्याच्या उपयोगी पडली नाही. दुसऱ्याचे दुःख टिपणारा कॅमेरा त्या माणसाचा ऋणकोच असतो.

म्हणून शिक्षकांनी लघुपटाला गुण देताना छायाचित्रणाइतकीच आणखी दोन प्रश्नांची उत्तरे तपासावीत. कॅमेरा हाती न घेता विद्यार्थी त्या वस्तीत किती दिवस वावरला? आणि तयार झालेला लघुपट त्याने प्रथम कोणाला दाखविला, परीक्षकांना की त्या वस्तीला? ज्याला या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता येतील, त्यालाच राय आणि डे सिका यांचा वारसा सांगण्याचा अधिकार पोहोचतो.