बाणाग्राची निवड

आमच्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत नोकरीस आहे. मध्यंतरीं त्याचें पत्र आलें : “धाकटे आजोबा, यंदा मित्रांसमवेत धनुष्यानें हरणाची शिकार करण्याचें योजिलें आहे. परवाना काढला, रीतसर शिक्षणहि घेतलें. बाणाला पातें कोणतें लावावें? तुम्ही धनुर्वेद वाचलेला, म्हणून विचारतों.” पत्र वाचून दाखवितांच माजघर स्तब्ध झालें. त्याची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, “भावोजी, असलें कांहीं लिहूं नका.” परंतु विचारलेल्या प्रश्नास उत्तर न देणें मास्तरास शोभत नाहीं.

तेथें ही शिकार कायदेशीर आहे. त्या राज्यानें १९३४ सालीं केवळ धनुर्धरांसाठीं हरणांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. प्रश्नहि नवा नव्हे. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत बाणाग्रें लोखंडाचीं, हाडाचीं व लाकडाचीं सांगून त्यांचीं कामें छेदणें, भेदणें व ताडणें अशीं तीन मानलीं आहेत. १३६३ सालच्या शार्ङ्गधरपद्धतींत क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल, सूचीमुख इत्यादि प्रकार येतात. त्यांतील क्षुरप्र, म्हणजे वस्तऱ्याच्या धारेचा, हाच आजच्या शिकाऱ्याच्या रुंद पात्याचा पूर्वज म्हणावा.

मीं त्यास लिहिलें तें असें. असा बाण आघातानें नव्हे, तर रक्तवाहिन्या छेदून प्राण घेतो. म्हणून धार हा पहिला गुण. बोथट पातें म्हणजे जनावराच्या यातना. मिटलेलीं व लागतांच उघडणारीं पातीं सरळ जातात खरीं, पण उघडण्यांत त्यांचा कांहीं जोर खर्च होतो. ज्याच्या धनुष्याची ओढ हलकी, त्यानें अचल पातींच घ्यावीं. बाणाची काडी धनुष्याच्या ओढीस साजेल इतकी ताठ असावी. वजनदार बाण सावकाश जातो, पण खोल शिरतो. सरावाच्या साध्या टोकाचा बाण जेथें लागतो, तेथेंच रुंद पात्याचा लागेल असें नाहीं. म्हणून सराव शिकारीच्याच पात्यानें करावा. जनावर आडवें उभें असल्यावांचून बाण सोडूं नये, आणि सोडल्यावर तत्काळ पाठलागहि करूं नये. घायाळ जीव निवांत पडूं द्यावा.

शेवटीं दशरथाची आठवण दिली. हत्ती पाणी पितो आहे असें समजून त्यानें आवाजावर बाण सोडला आणि श्रावणाचा जीव घेतला. त्याच्या बाणांत उणें नव्हतें, नेमांतहि नव्हतें. लक्ष्य डोळ्यांनीं पाहण्याचा धीर मात्र नव्हता. उत्तमांत उत्तम बाणाग्र हा धीर देऊं शकत नाहीं.

हें वाचून येथील कोणी धनुष्य घेऊन निघूं नये. मालवण तालुक्यांत रानडुकरें बागा उकरतात, आणि बागवाल्याचा संताप आम्हीं शेजारीं राहून पाहिला आहे. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढें बंदूक आणि बाण सारखेच. परवानगीवांचून शिकार हा अपराध होय. आपल्याकडील धनुर्विद्येची जागा आतां मैदानांत आहे. २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याकडील अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें जगज्जेतीं ठरलीं, तीं कोणाचेंहि रक्त न सांडतां.

मुलाचें उत्तर आलें आहे. तीन दिवस तो मचाणावर बसला. हरीण एकदांच जवळ आलें, पण त्याच्याकडे तोंड करून उभें राहिलें. त्यानें बाण भात्यांतच ठेवला. वहिनींनीं तेवढ्या ओळी दोनदां वाचून घेतल्या. पुढील वर्षीं तो पुनः जाणार आहे, हेंहि पत्रांत आहे. तें मीं त्यांस अद्याप सांगितलेलें नाहीं.