माळ्यावरची शाळा रद्दीत घालू नका

येत्या दिवाळीच्या साफसफाईत बावधनकरांनी एक गठ्ठा बाजूला काढून ठेवावा, एवढंच या लेखाचं मागणं आहे. वर्गाचे जुने फोटो, प्रगतिपुस्तकं, शाळेची वार्षिकं, खेळांची प्रमाणपत्रं, होस्टेलमधून घरी लिहिलेली पत्रं असं काहीही त्यात असेल. घरातलं कुणी पाषाणच्या लॉयोलात किंवा कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकलं असेल, तर हा गठ्ठा तुमच्या माळ्यावर नक्की सापडेल.

या दोन्ही शाळा जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी मुलांसाठी काढल्या. सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची. पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १८८६ साली, म्हणजे शाळा बिशपच्या गादीपेक्षाही जुनी. त्या काळी इथले फादर बहुतेक जर्मन. १९१४ला महायुद्ध पेटलं आणि कालचे मास्तर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कुणी नजरकैदेत गेले, कुणाची पुढे मायदेशी रवानगी झाली. पुण्याचे जर्मन बिशप डोरिंग तर १९२१ ते १९२७ या काळात थेट जपानमध्ये, हिरोशिमात होते. तिथून ते पुन्हा पुण्याला आले. पुढे इथलं काम स्विस जेझुइटांनी उचललं. त्यांच्यातलेच फादर रुडॉल्फ शोख. त्यांच्या पुढाकाराने १९६१ साली पाषाणच्या माळावर लॉयोला उभी राहिली. पानशेत धरण फुटलं ते हेच साल.

म्हणजे लॉयोलाच्या अगदी पहिल्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज सत्तरीत आहेत. त्या वेळी वरच्या वर्गात असलेले ऐंशीकडे झुकलेत. त्यांना शिकवणाऱ्या सरांपैकी किती जण आज भेटतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. घाई आहे ती यासाठी.

कुणी म्हणेल, शाळा तर जोरात चालू आहे, मग वाचवायचं काय? शाळेची इमारत वाचवा असं मी म्हणतच नाही. संस्थेचे ठराव आणि हजेरीपटही संस्था सांभाळते. जेझुइट तर सोळाव्या शतकापासून रोमला वार्षिक वृत्तांत धाडत आलेत. पण वृत्तांतात फादर असतात, बांधकाम असतं, निकाल असतो. मधल्या सुट्टीत डब्यातल्या कोणत्या भाजीवर कोण तुटून पडायचं, मराठीच्या सरांचा दरारा कसा होता, पाषाण-सूस-बावधनच्या वाड्यांवरून सायकल हाणत किंवा चिखल तुडवत कोण यायचं, घंटा कोण द्यायचं, मैदानाची निगा कोण राखायचं, हे कुठल्याच अहवालात येत नाही. ते असतं माणसांच्या डोक्यात आणि माळ्यावरच्या ट्रंकेत.

ते गेलं की काय उरतं, हे पाहायला वसईच्या किल्ल्यात जावं. तिथेही जेझुइटांचं विद्यालय होतं, सोळाव्या शतकातलं. १७३९ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तोवर दीड-पावणेदोनशे वर्षं पोरांच्या किती पिढ्या तिथे शिकून गेल्या असतील! भिंती अजून उभ्या आहेत. पण त्या पोरांपैकी नाव घ्या म्हटलं तर सामान्य माणसाच्या तोंडी एकच येतं, गोन्सालो गार्सियाचं. वसईत जन्मलेला आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर चढवला गेलेला. लक्षात राहायला संतच व्हावं लागत असेल, तर बाकीच्यांनी काय करावं?

मिशनऱ्यांच्या शाळेशी आपला काय संबंध, असंही कुणाच्या मनात येईल. या शाळांच्या बाकांवर हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती पोरं मांडीला मांडी लावून बसली. शिवाय आपला परिसर झपाट्याने बदलतोय. जून २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत बावधन बुद्रुकही होतं. शेतं गेली, सोसायट्या आल्या. चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला गेला. या भागाची जुनी आठवण सांगणारं जे काही शिल्लक आहे, त्यात लॉयोला येते. तिचा इतिहास हा आपल्या पंचक्रोशीचा इतिहास आहे.

आता कामाचं. फोटोला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने साल, इयत्ता आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहा. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं सगळे सांगतात. मागे बाकावर उभा, अर्धा चेहरा झाकलेला तो कोण, हे आत्ताच विचारून घ्या. कडेला उभ्या शिपाईमामांचंही नाव लिहा. स्कॅन नीट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर बारकावे जातात, त्यापेक्षा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ प्रत घरीच, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडचा पावसाळा आणि कसर कुणालाच सोडत नाही.

आणि बोलतं करा. आजोबांसमोर मोबाइल ठेवा, परवानगी घ्या आणि रेकॉर्डिंग सुरू करा. ‘शाळेबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारलंत तर भाषण मिळेल. ‘पहिल्या दिवशी सोडायला कोण आलं होतं? शिक्षा काय व्हायची? मॅच हरल्यावर फादर काय म्हणाले?’ असं विचारा. शाळेत काम केलेल्यांच्या घरी तर आधी जा, कारण त्यांच्याकडे कुणी विचारायलाच गेलेलं नसतं.

प्रत्येक सोसायटीने क्लबहाउसमध्ये एका रविवारी सकाळी एक टेबल मांडावं. एक जण स्कॅन करील, एक जण नावं लिहून घेईल, चहाचं बाकीचे बघतील. जमलेल्याची एक प्रत शाळेला द्या, एक जवळच्या वाचनालयाला. खर्च फारसा नाही, वेळ मात्र काढावा लागेल. रद्दीवाला पुढच्या महिन्यात येणारच आहे. त्याच्या आधी माळ्यावर चढा.