गॅरेजमधून गाडी आली, पिवळा दिवा मात्र चालूच!

सर्व्हिसिंग करून गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणतो, "कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल." हजारोंचं काम आहे हे. हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: स्कॅनरवर कोड कोणता आला?

गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सहसा इतक्या सहज जात नाही. दुरुस्तीत जिथे हात लागला, तिथे आधी बघा. पी०११३ कोड म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटलाय. एअर फिल्टर बदलल्यावर हा कोड आला, तर बहुतेक वेळा त्याचा कनेक्टरच लावायचा राहिलेला असतो! पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. यावर लोक थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि हवेचा पाइप सैलच राहतो. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगाराचं नाव नाही.

तंजावरकडच्या वाचकांनो, तुमच्याकडे आणखी एक संशयित आहे: उंदीर. कावेरीच्या भातशेतीत त्याच्यासाठी बांबूचे सापळे लावतात, पण अंगणातल्या गाडीच्या बॉनेटखाली कोण बघतं? वायर कुरतडलेली असेल तर नवा सेन्सर घालूनही दिवा जात नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल, तर इग्निशन बंद करून कनेक्टर उघडायला सांगा. आत हिरवट थर दिसला की चोर सापडला.

पुण्याहून बृहदीश्वराच्या दर्शनाला गाडी घेऊन आलात आणि पापनाशमजवळ दिवा लागला, तरी भाषेची काळजी नको. पी० ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ तमिळ मेकॅनिकला आणि तुमच्या कोथरूडच्या मेकॅनिकला एकच कळतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावायचा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवून देतो म्हणणारे भेटतील. त्याने बिघाड जात नाही, पुरावा पुसला जातो. (बॅटरी काढल्यावर आयडलिंग थोडं वरखाली होतं. काही किलोमीटर चालवल्यावर ते सहसा बसतं.)

दिवा नुसता लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. तसंच पळवलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, म्हणून गाडी बाजूला घ्या. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद. कोडबिड नंतर!