द्रावकाचा उतारा

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात आयनिक लिक्विडवर काम झाले आहे, त्याचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापूनही आले आहेत. कौतुकच आहे. तक्रार आहे ती या विषयावरच्या निबंधांत, मग ते कोल्हापूरचे असोत की कॅलिफोर्नियाचे, वारंवार भेटणाऱ्या एका वाक्याबद्दल: द्रावक पाच वेळा पुन्हा वापरला, गुणात फारसा फरक पडला नाही. पाच वेळा! कारखान्याचा त्यात एक आठवडाही निभत नाही.

आयनिक लिक्विड म्हणजे शंभर अंशांच्या आतच वितळणारे मीठ. जेवणातल्या मिठाला वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. इथे आयन इतके थोराड आणि वेडेवाकडे, की स्फटिकाची घडी नीट बसतच नाही. पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये नोंदवलेले मीठ तर 12 अंशांनाच पातळ होत होते. या द्रवांची वाफ जवळपास होत नाही, म्हणून त्यांना ‘हरित’ म्हणायची चाल पडली. हवेत जात नाहीत, हे खरे. पण पाण्यात? इमिडॅझोलियम जातीतले कित्येक द्रव पाण्यात सहज मिसळतात, जलचरांना बाधतात आणि लवकर विघटन पावत नाहीत. पंचगंगेकाठच्या माणसाने तरी या बिल्ल्यावर भुलू नये.

उद्योगात हे द्रव कुठे टिकले ते पाहा. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत एका प्रक्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होई. ते पकडायला अमाइन घातले की घट्ट रबडी व्हायची, ढवळता येईना, गाळता येईना. 2002 पासून त्यांनी मिथाइल इमिडॅझोल घातले. आम्लाशी त्याचे जे मीठ बनते ते 75 अंशांना वितळते आणि आपोआप तळाला वेगळा थर धरते. तो थर काढायचा, कॉस्टिक सोड्याने मूळ रसायन सोडवून घ्यायचे, पुन्हा वापरायचे. उत्पादन 50 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर गेले. इथे आयनिक लिक्विड बाहेरून आणून ओतलेलेच नव्हते. ते प्रक्रियेतच जन्मले आणि स्वतःहून बाजूला झाले. यशाचे मर्म त्या तळाच्या थरात आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. उसाच्या चिपाडातला, म्हणजे बगॅसमधला, सेल्युलोज आयनिक लिक्विडमध्ये विरघळतो, त्यापासून धागा किंवा इथेनॉल काढता येईल, असे भाषणांतून ऐकू येते. विरघळतो, नक्कीच. मात्र गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे वजन पाण्याचे, आणि पाणी आले की यांतले बहुतेक द्रव सेल्युलोज सोडून देतात. विरघळलेला सेल्युलोज परत काढायलाही पाणीच ओततात. मग ते सगळे पाणी उडवल्याशिवाय द्रव परत मिळत नाही. त्या उष्णतेचा खर्च कोणी सांगत नाही. (आपला गुऱ्हाळवाला चिपाड उन्हात पसरतो, त्याला हा हिशेब केव्हाच कळला.)

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये यावर वेगळी वाट धरली गेली. ट्रायइथाइल अमाइन आणि गंधकाम्ल यांच्यापासून बनणारा स्वस्त द्रव, तोही पाचवा हिस्सा पाणी मिसळूनच वापरायचा. तो सेल्युलोजला हात लावत नाही, त्याला धरून ठेवणारे लिग्निन ओढून घेतो. महागड्या, कोरड्या ठणठणीत द्रवांपेक्षा कोल्हापूरच्या प्रयोगशाळांना हा जवळचा. शिवाय चिपाड आज फुकट पडलेले नाही. बॉयलरमध्ये जळून ते कारखान्याला वाफ आणि वीज देते. ते तिथून काढून घ्यायचे तर त्याहून जास्त मोल दाखवावे लागेल.

ऊस घालताना इथला शेतकरी पहिला प्रश्न उताऱ्याचा विचारतो. विद्यापीठाच्या पुढच्या निबंधातही तोच आकडा हवा: गिरणीतल्या ओल्या बगॅसच्या दर किलोमागे किती ग्रॅम द्रावक परत आला नाही, आणि तो कुठे गेला.