सूचनाफलकावर अडलेले विज्ञान

विज्ञानासाठी देश किती पैसा खर्च करतो, ही चर्चा आपल्याकडे नेहमी दिल्लीच्या टोकाकडून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. २०२०-२१ साली संशोधन व विकास यांवरील भारताचा खर्च देशांतर्गत सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. तो निदान एक टक्क्यावर तरी नेला पाहिजे, ही मागणी जुनी आहे आणि तिच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हा आकडा उद्या दुप्पट झाला, तरी हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावरून त्र्यंबकेश्वरला येऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीच्या हाती त्यातले काय पडेल? धरणात पाणी किती साठले, हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते चारीच्या टोकावरच्या शेताला मिळते की नाही, हेही महत्त्वाचे असते. विज्ञानाच्या अनुदानाचा विचार आपण धरणाच्या भिंतीवर उभे राहून करतो. चारीच्या टोकाला जाऊन फारसा कोणी करीत नाही.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून अवघ्या २८ किलोमीटरवर आहे. ज्योतिर्लिंगामुळे आणि गोदावरीच्या उगमामुळे हे नाव देशभर परिचित आहे. मात्र हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर अशा आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे आणि भात, नागली, वरई यांवर येथला संसार चालतो, हे यात्रेकरूंच्या सहसा ध्यानी येत नाही. भाताची कापणी उरकली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. अशा या गावात मराठा विद्या प्रसारक समाजाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. ते ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याचे मुख्य आवार सुमारे २४० किलोमीटर दूर आहे. पुढील विवेचन मात्र कोणा एका महाविद्यालयाविषयी नाही. महाराष्ट्राच्या डोंगरी व आदिवासी तालुक्यांत विज्ञान शिकविणाऱ्या सर्वच महाविद्यालयांची स्थिती कमीअधिक प्रमाणात अशीच आहे.

विद्यार्थ्यापर्यंत येणारा पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट सामाजिक न्यायाची. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ पासून सुरू झाली. आज ती अडीच लाख रुपयांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेसह महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेमार्फत दिली जाते. ही शिष्यवृत्ती नसती, तर या तालुक्यातील किती मुले पदवीपर्यंत पोहोचली असती, याचा विचारच केलेला बरा. दुसरी वाट गुणवत्तेची. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली सुरू केलेल्या इन्स्पायर योजनेतील उच्चशिक्षण शिष्यवृत्ती ही तिच्यातील प्रमुख होय. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रत्येकी ८०,००० रुपये देण्याची ही योजना आहे. त्यांपैकी ६०,००० रुपये निर्वाहासाठी आणि २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधन-मार्गदर्शनासाठी असतात.

रक्कम उत्तम, हेतू त्याहून उत्तम. तथापि या शिष्यवृत्तीचा राजमार्ग बारावीच्या गुणांतून जातो. आपल्या परीक्षा मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात जो बसेल, तो पात्र. आता पुण्या-मुंबईच्या शिकवणीवर्गांत दोन वर्षे तयार झालेला विद्यार्थी आणि आश्रमशाळेत शिकून बारावी झालेला विद्यार्थी यांना एकाच मोजपट्टीने मोजले, तर निकाल काय लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आणखी एक विसंगती अशी की त्या एक टक्क्यातील मुले मोठ्या संख्येने वैद्यक व अभियांत्रिकीकडे जातात, तर तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र वा वनस्पतिशास्त्र घेऊन खरोखरच शिकत राहणारा विद्यार्थी त्या टक्क्याच्या बाहेर असतो. म्हणजे पहिली वाट त्याला आदिवासी म्हणून ओळखते, पण विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून ओळखत नाही. दुसरी वाट विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठीच आहे, पण हा विद्यार्थी तिला दिसत नाही. दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, तेथे विज्ञानाची आवड असलेली असंख्य मुले उभी आहेत.

ही जागा अलीकडे अधिकच रुंदावली आहे. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ साली बंद करून इन्स्पायरमध्ये विलीन करण्यात आली. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. या परीक्षांचा लाभही मुख्यतः शहरांनाच होत असे, हा आक्षेप खरा आहे. पण दार अरुंद आहे म्हणून ते रुंद करावयाचे असते. ते बंद केल्याने घरात शिरणे कोणालाच सोपे होत नाही.

असे असूनही काही दारे उघडी आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००४ पासून चालू आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती देतात. पुण्याच्या आयुका संस्थेचा सुटीतील कार्यक्रम आहे, विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे, एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची प्रवेशपरीक्षा आहे. या सर्वांची माहिती उपलब्ध आहे, असे अधिकारी सांगतात. आणि ते खोटे बोलत नाहीत. माहिती उपलब्ध असते, पण ती बहुधा इंग्रजीत असते, संगणकाच्या पडद्यावर असते आणि तिचे आयुष्य तीन-चार आठवड्यांचे असते. ती शोधावी लागते, आणि शोधण्यासाठी ती अस्तित्वात आहे हे आधी ठाऊक असावे लागते. शहरातल्या मुलाला ते मोठ्या भावाकडून, शेजाऱ्याकडून, वर्गमित्राकडून कळते. ज्याच्या घरातला तो स्वतःच पहिला पदवीधर होणार आहे, त्याला ते कोणाकडून कळावे? त्याच्यासाठी एकच जागा उरते, ती म्हणजे महाविद्यालयाचा सूचनाफलक.

आणि येथे वेळापत्रकाचे एक गाऱ्हाणे आहे. पावसाळा सरल्यापासून वर्ष संपेपर्यंतच्या तीन-चार महिन्यांत यांतील बहुतेक महत्त्वाचे अर्ज भरावयाचे असतात. नेमक्या त्याच काळात सत्रपरीक्षा, दिवाळीची सुटी आणि भाताची कापणी हे तिन्ही एकत्र येतात. महाविद्यालय बंद असते, विद्यार्थी शेतात असतो आणि फलकावरच्या कागदाची मुदत संपत असते. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेले बँकखाते यांपैकी एक कागद कमी पडला, की तहसीलच्या गावी एक फेरी आणि एका दिवसाची मजुरी जाते. वरातीमागून घोडे यावे, तशी सूचना अनेकदा अर्जाच्या मुदतीमागून येते.

सूचना कशी असावी, याचा धडा गिरविण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव याने १२०७ साली त्याला दान दिले, असे त्यातून कळते. आजच्या भाषेत तो गणित व ज्योतिर्गणिताच्या एका विभागाला मिळालेल्या अनुदानाचा आदेशच होय. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण बाजारातून काय द्यावयाचे, तेलाच्या घाण्यांकडून किती घ्यावयाचे, हा व्यवहाराचा तपशील मात्र त्या काळच्या मराठीत कोरला आहे. ज्यांना तो पाळावयाचा होता, त्यांना तो समजावा म्हणून. स्तुती संस्कृतात आणि हिशेब लोकभाषेत, ही आठशे वर्षांपूर्वीची जाण आजच्या आपल्या परिपत्रकांत आढळत नाही.

विद्यार्थ्यांची ही कथा, तर अध्यापकांची निराळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघुसंशोधन प्रकल्प योजना एकेकाळी पदवी महाविद्यालयांचा मोठा आधार होती. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञान विषयांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकत असे. त्यातून एखादा सूक्ष्मदर्शक, एखादे उपकरण महाविद्यालयात येई आणि प्रकल्प संपल्यावरही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडे. योजनाकाळ संपला आणि ती वाटही आटली. २०२२ च्या शिक्षकदिनी आयोगाने सेवेतील अध्यापकांसाठी दहा लाख रुपयांचे नवे अनुदान जाहीर केले खरे; पण साऱ्या देशातून निवड २०० जणांची आणि पात्रतेसाठी पाच पूर्णवेळ पीएच.डी. विद्यार्थ्यांना यशस्वी मार्गदर्शन केल्याची अट. जेथे पदव्युत्तर वर्गच नाहीत, तेथील अध्यापकाने हे पाच विद्यार्थी कोठून आणावेत? २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानापुढे पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले, त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित धरून. मोठ्या संस्थांनी मागे पडलेल्या विद्यापीठांना हात द्यावा, ही त्याची योजना स्वागतार्ह आहे. पण विद्यापीठापासून तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंतचा दुवा अजून जोडावयाचा राहिला आहे.

यावर असे म्हटले जाईल की, अशा लहान महाविद्यालयांत संशोधन ते काय होणार? अनुदानाचा पैसा जेथे फळ देईल, तेथेच पेरावा. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी व्यवहार्य वाटतो. पण त्र्यंबक परिसराकडे डोळे उघडून पाहिले, तर तो टिकत नाही. अंजनेरीच्या डोंगराचे नाव धारण करणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात येथली आहे. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनविभागाने व ग्रामस्थांनी गिधाडांसाठी उपाहारगृह चालविले. जनावरांच्या उपचारातील डायक्लोफिनॅकने गिधाडे मरतात, हे सिद्ध होऊन २००६ साली त्या वापरावर बंदी आली, त्यानंतरची ही धडपड आहे. मुसळधार पावसाच्या याच तालुक्यात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. गोदावरीचे पाणी उगमापाशी कसे आहे आणि पर्वकाळात कुशावर्तात कसे होते, याची नोंद दर आठवड्याला, वर्षानुवर्षे ठेवावयाची, तर पुण्याहून येणारा संशोधक ती कशी ठेवणार? ते काम तेथे राहणाऱ्यांचेच. त्यासाठी कोट्यवधींची यंत्रे नकोत. प्राणवायूचे व जंतूंचे प्रमाण मोजणारी साधी प्रयोगशाळा, एक शिस्तबद्ध वही आणि काही हजारांची छात्रवृत्ती पुरे. पाणी व वनस्पती यांविषयीचे असे दीर्घकालीन निरीक्षण हे दुय्यम प्रतीचे विज्ञान नव्हे; तेच बहुधा आपल्याकडे दुर्मिळ असते.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटी रुपयांचे आराखडे झाले, स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. रस्ते, घाट, निवारे हवेतच. पण पर्वणी आटोपल्यावर मंडप उठतात. त्या खर्चातील एक लहानसा अंश स्थानिक महाविद्यालयांच्या कायमस्वरूपी जलपरीक्षण प्रयोगशाळेकडे वळविला, तर सिंहस्थाने गावाला दिलेली ती सर्वांत टिकाऊ देणगी ठरेल.

पुरस्कारांच्या बाबतीतही आपली दृष्टी कळसाकडेच लागलेली असते. भटनागर पुरस्काराचे रूप पालटून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले. २०२५ चा विज्ञानरत्न पुरस्कार डॉ. जयंत नारळीकरांना मरणोत्तर मिळाला, तेव्हा प्रत्येक मराठी मनाला अभिमान वाटला. तो सार्थ होता. परंतु हेच नारळीकर तरुणपणी केंब्रिजला गेले, तेव्हा १८९२ साली स्थापन झालेल्या जमशेटजी टाटांच्या निधीचे साहाय्य त्यांना लाभले होते, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. पुरस्कार झालेल्या कार्याचा गौरव करतो. शिष्यवृत्ती कार्य घडविते. आणि नारळीकरांच्या घरी तर विद्या पिढीजात होती. जेथे ती नाही, तेथे वेळेवर मिळालेल्या साहाय्याचे मोल कितीतरी अधिक.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. विद्यापीठाने वर्षारंभी, जुलै महिन्यातच, सर्व शिष्यवृत्त्या, छात्रवृत्त्या व स्पर्धांचे मराठी वार्षिक पत्रक काढावे. त्यात पात्रता, अपेक्षित मुदत व लागणारे दाखले स्पष्ट असावेत. दुसरी, प्रत्येक महाविद्यालयात एका अध्यापकाकडे हे काम सोपवून त्याच्या कार्यभारात ते मोजावे. हौसेवर चालणारे काम हौस संपली की थांबते. तिसरी, गुणवत्ता-शिष्यवृत्तीत मंडळाच्या टक्क्याबरोबर तालुकानिहाय वा आश्रमशाळानिहाय काही जागा ठेवाव्यात. चौथी, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांची तरतूद असते. त्यांतून पदवीच्या विद्यार्थ्यांना स्थानिक प्रश्नांवरील छोट्या प्रकल्पांसाठी प्रत्येकी दहा-वीस हजार रुपये द्यावेत आणि ते सत्र संपण्यापूर्वी द्यावेत. उशिरा आलेली शिष्यवृत्ती हिशेबात जमा होते. पण तोवर विद्यार्थी द्राक्षबागेत गेलेला असतो, आणि तो परत येईलच असे नाही.

यातील एकही सूचना क्रांतिकारक नाही. किंबहुना त्या इतक्या साध्या आहेत की आजवर त्या अमलात का आल्या नाहीत, हाच प्रश्न पडावा. त्याचे उत्तर असे की, विज्ञान म्हणजे मोठ्या संस्था, मोठी यंत्रे आणि मोठे पुरस्कार, ही समजूत आपण सोडलेली नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी धार ओंजळीत मावेल एवढी असते. तिला पुढे शेकडो ओढे-नाले मिळतात, म्हणून ती १,४६५ किलोमीटर वाहते. देशाच्या विज्ञानाचा प्रवाहही असाच वाढावा असे वाटत असेल, तर हरसूलच्या त्या मुलीने भरावयाचा अर्ज मुदतीच्या आधी तिच्या हाती पडेल, एवढी व्यवस्था या शैक्षणिक वर्षापासूनच व्हावयास हवी.