गृहारोग्य : प्लास्टर सुटलें, पण दुखणें सुटेना

पावसाळ्यांत ओल्या जिन्यावर पाय घसरावा, पडतां पडतां हात टेकावा आणि मनगटाचें हाड मोडावें, असें पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतींत वारंवार घडतें. नवी मुंबईंतील आमच्या वाचककुटुंबांनाही हा प्रसंग नवा नसेल. पांच-सहा आठवड्यांनीं प्लास्टर निघतें व मंडळी निर्धास्त होतात. परंतु कांहीं जणींची खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

हाड सांधलेलें असतें, तरी हात सुजतो. कधीं तांबडा व उष्ण, तर कधीं निळसर व गार होतो. त्वचा चकाकते, बोटें आंखडतात, आणि पदराचा नुसता स्पर्शही आगीसारखा भासतो. अशा वेळीं घरांत दोन मतें निघतात. एक म्हणतें, "कामाचा कंटाळा, दुसरें काय!" दुसरें मायेनें म्हणतें, "हात मुळींच हलवूं नका." आमच्या मतें हीं दोन्ही घातक आहेत.

हें ढोंग नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील जखमी सैनिकांच्या अशाच जळत्या वेदनांचें वर्णन डॉ. वेअर मिचेल यांनीं १८६४ सालीं केलें. १९०० सालीं जर्मन शल्यवैद्य पॉल सुडेक यांनीं अशा अवयवांतील हाडें विरळ होतात हें दाखविलें. १९९४ पासून या विकारास ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. जखम भरली, तरी मज्जातंतु व मेंदू वेदनेचा इशारा थांबवीत नाहींत.

हात बांधून ठेवल्यानें तो अधिकच आंखडतो. म्हणून फिजिओथेरपी हाच मुख्य उपाय : सोसेल इतकी, पण रोज हालचाल, आधीं रेशमी, मग सुती, मग खरखरीत कापड त्वचेवर हलके फिरविणें, आरशांत चांगल्या हाताची हालचाल पाहून दुखऱ्या हातास शिकविणें. वेदनाशामक औषधें हा व्यायाम शक्य व्हावा म्हणून असतात. वेदना फारच तीव्र असल्यास वेदनातज्ज्ञ मानेजवळील मज्जातंतूंना इंजेक्शनही देतात. जोरजबरीचें मर्दन मात्र टाळावें. नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठांत फिजिओथेरपीचें शिक्षण देणारा स्वतंत्र विभागच आहे. तेव्हां तज्ज्ञ दूर नाहींत.

प्लास्टर असतांनाच बोटें व खांदा हलवीत राहावें. दुखणें उतरण्याऐवजीं चढूं लागल्यास विलंब न करितां डॉक्टरांस दाखवावें. उपचार जितका लवकर, तितका हात वांचण्याचा संभव अधिक. आणि रोज थोडा वेळ त्या माउलीजवळ बसून व्यायाम करून घेण्यास घरांतील एखादी सून वा नातू मोकळा ठेवावा, एवढीच आमची विनंती.